तुझे एक-तीन, माझे सात-नऊ

देवपूर, धुळे
३ मार्च २०२५

भिकन,

आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर काही टाकलं तर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सगळं गप्प. म्हणून पत्र. पत्राला निळ्या खुणा नसतात, त्यामुळे वाचलंस की नाही म्हणून मी जीव जाळत बसणार नाही.

आधी कामाचं. एप्रिलच्या अखेरीस मला डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यायचं आहे. मोतीबिंदू, दोन्ही डोळे, एकामागून एक. महिना-दीड महिना वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, गॅसपाशी उभं राहायचं नाही. तेवढे दिवस नानांना जळगावला तुझ्याकडे घेऊन जा. कायमचं म्हणत नाही. खुब्याचं हाड जुळलंय, वॉकर धरून संडासापर्यंत आपले आपण जातात. अंघोळीला माणूस लागतो, आणि दिवसभर बोलायला लागतो.

बाई ठेव म्हणशील. ठेवून झाल्या. पहिलीला त्यांनी सतराचा पाढा विचारला. दुसरीला विचारलं, शून्य सम की विषम? ती म्हणाली, आजोबा, मला काय करायचंय त्याचं. तिला नापास केलं. आता खालच्या कुंदाबाई तेवढ्या अधूनमधून येऊन बसतात, कारण त्यांना कमी ऐकू येतं.

तुझ्या ऋतिकाच्या साखरपुड्यात झालं ते वाईट झालं. मी तेव्हाही नानांना तसं म्हटलं होतं, फक्त तुझ्यासमोर म्हटलं नाही. चौथीत असताना तू शाळेच्या स्टेजवर उभा राहून सत्तावन ही मूळ संख्या आहे म्हणालास. लेकरू होतास. सत्तावन दिसतेच तशी, भल्याभल्यांना फसवते. एकोणीस त्रिक सत्तावन हे ऐन वेळी कोणाला आठवतं? पण नानांचा, तोताराम मास्तरांचा, पोरगा चुकला म्हणजे काय! त्या दिवसापासून तुझं नाव सत्तावन. घरातल्या घरात होतं तोवर तूही हसण्यावारी नेलंस. पण ठिबक सिंचनाचं एवढं दुकान चालवणाऱ्या, पन्नाशीच्या माणसाची व्याह्यांशी ओळख करून देताना 'हा आमचा सत्तावन' म्हणायचं, आणि वर तसं का म्हणतात तेही समजावून सांगायचं? व्याही हसले. तू उठून गेलास, तो अजून धुळ्याचा पूल ओलांडून आला नाहीस.

तुला वाटतं नाना माफी मागतील तेव्हा बघू. नानांना वाटतं तू बोलावशील तेव्हा बघू. दोघांनाही फुरसत आहे. मला नाही रे.

आणि हो, त्यांनी ती संख्या पुन्हा काढली आहे. मागच्या महिन्यापासून रोज बसतो आम्ही.

उत्तर पाठव. नूतनला विचारलं म्हणून सांग.

अक्का

*

देवपूर
१७ मार्च २०२५

भिकन,

नूतनचा फोन आला. तू स्वतः करायचा तो बायकोला करायला लावलास. ती बिचारी चाचरत म्हणाली, 'अक्का, हे म्हणतात नानांनी एकदा चुकलो म्हणावं, मग आणायला येतो.' मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणू?

मग तिने हळूच विचारलं, ही संख्या म्हणजे काय भानगड आहे? लग्नाला इतकी वर्षं झाली आणि तू तिला सांगितलं नाहीस? आपल्या घराण्यात दुसरं आहे काय सांगायला! तेव्हा हे पत्र तिला वाचून दाखव.

नूतन, संख्या आहे ७३९३९१३३. सात कोटी एकोणचाळीस लाख आणि वर काही. मूळ संख्या, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच तिला भाग जात नाही. अशा ढिगाने असतात. हिचं वेगळेपण असं की शेवटचा आकडा खोडला तरी उरते ती मूळच. ७३९३९१३. पुन्हा खोड. ७३९३९१. पुन्हा. ७३९३९, मग ७३९३, ७३९, ७३, आणि शेवटी ७. खोडत गेलीस तरी एकदाही फुटत नाही. आणि उलट, हिच्यापुढे कोणताही आकडा जोडून बघ, लगेच फुटते. या जातीतली ही सगळ्यात मोठी, हिच्यावर नाही. नाना दर जूनमध्ये नव्या वर्गाच्या फळ्यावर आधी ही लिहायचे, मग स्वतःचं नाव.

आता ती मूळ आहे हे कशावरून? कुठल्या तरी शिबिरात कोणी तरी सांगितलं म्हणून नाना मानणारे नव्हेत. हिचं वर्गमूळ साडेआठ हजारांच्या थोडं पुढे येतं. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी हिला भागून पाहायचं, दर वेळी बाकी उरली पाहिजे. असे भाजक हजाराच्या वर आहेत. आम्ही लहान असताना उन्हाळ्याच्या सुटीत नानांनी वाटणी केली. दोन आणि पाच त्यांचे. एक आणि तीनवर संपणारे सगळे भिकनचे, सात आणि नऊवर संपणारे सगळे माझे. बाकीची पोरं आखाजीच्या सणाला झोके खेळायची आणि आम्ही दोघं पाट्या घेऊन भागत बसायचो. नाना दोन आणि पाचने भागून हात झटकून मोकळे. हे आम्हाला मोठेपणी कळलं, की सगळ्यात सोपे त्यांनी ठेवून घेतले होते.

सुटी संपली, भागाकार राहिले. आता खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांनी मनावर घेतलंय की हे पुरं करूनच जायचं.

पद्धत तीच. मी भागायचं, मग उलट गुणून पडताळा द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी कालचा पुन्हा तपासायचा. दोन दिवसांत एक भाजक होतो. या गतीने पुरं व्हायला अजून पाच-सहा वर्षं रोज बसलं पाहिजे, नानांनी आणि मीही.

परवा ऋतिका आली होती सासरहून. तिने फोनवर संख्या टाकली, डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर, मूळ आहे. नाना म्हणाले, 'कोन म्हनस?' ती म्हणाली, फोन म्हणतोय आजोबा. 'भागीसन देखं का त्यानी?' पोरगी हसायला लागली. मला हसू येईना, मला त्या फोनचा मुका घ्यावासा वाटला.

भिकन, आता तुझ्यासाठी. मी म्हटलं, नाना, त्याचे एक-तीनही मीच करते, निदान काम पुढे सरकेल. त्यांनी कागद माझ्या हाताखालून ओढून घेतला. 'ते भिकनचं शे.' तुझ्या बाजूचा रकाना कोराच ठेवलाय. माफी म्हणशील तर त्यांच्याकडून याहून जवळचं काही येईल असं मला वाटत नाही. तुला हे पुरेल का, ते तू ठरव. मला मात्र एप्रिलअखेर पुढे ढकलता येणार नाही.

अक्का

*

देवपूर
५ एप्रिल २०२५

भिकन,

तुझं पार्सल पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पोचलं. उघडताना मला आधी वाटलं पत्र असेल. निघाली छापील यादी. एक आणि तीनवर संपणारे सगळे भाजक, समोर भागाकार, समोर बाकी, पानंच्या पानं. ऋतिकाच्या नवऱ्याने कॉम्प्युटरवर काढून दिली असणार. वर तुझ्या हातचं एक अक्षर नाही. एवढा कागद पाठवलास त्यावर 'नाना, नमस्कार' लिहायला काय झालं होतं रे? शाई महाग झाली?

तरी मी आशेने त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी चष्मा पुसला. पहिलाच तुझा तीन, मग अकरा, मग तेरा. हाताने भागून जुळवत गेले. दुपारचं जेवण गार झालं. मी खिचडी दोनदा गरम केली. तुला सांगते, त्यांना त्यात एक चूक हवी होती. एक जरी सापडली असती ना, त्यांनी मला फोन लावायला लावून तुझी हजेरी घेतली असती आणि तुम्ही दोघं बोलते झाला असता. सापडली नाही. संध्याकाळी यादी बाजूला सारली आणि म्हणाले, 'यामा हातचा कोठे शे?' हातचा दिसत नाही म्हणजे माणसाने केलेलं नाही. झालं, तुझे एक-तीन पुन्हा कोरे.

आणि त्यानंतर अंघोळीला नको म्हणून हट्ट. दोन दिवस. मी बादली भरते, ते नाही म्हणतात, पाणी गार होतं, मी ओतून देते. उकाड्याने घर तव्यासारखं तापलंय, पांझरा नदीत पाण्याचं नाव नाही, नळाला एक दिवसाआड पाणी, आणि मी ते ओतून देतेय. तिसऱ्या दिवशी मी बाथरूममध्येच पाटावर बसून राहिले, उठावंसंच वाटेना. कुंदाबाईंनी येऊन हाक मारली तेव्हा उठले. काही झालं नव्हतं, चक्कर वगैरे काही नाही. नुसती बसले होते.

ऋतिका विचारत होती, कोणता डॉक्टर, कोणतं हॉस्पिटल, तारीख कोणती, बाबांनी विचारायला सांगितलंय. तुला काय करायचंय कोणतं हॉस्पिटल? तू ये म्हणजे झालं.

अक्का

*

देवपूर
१४ एप्रिल २०२५

भिकन,

आज तुला जे सांगणार आहे ते नूतनला वाचून दाखवलंस तरी चालेल, आणि सगळ्या जळगावला दाखवलंस तरी चालेल.

शनिवारी सकाळी आम्ही बसलो होतो. कुंदाबाई भाजी निवडत होत्या. माझा भाजक होता तीनशे सदुसष्ट. आदल्या रात्री नाना पाणी, पंखा, उशी, पुन्हा पाणी करत होते, माझ्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. तरी भागत गेले. शेवटच्या पायरीला तेहेतीसशे तेरा उरले. मोठ्याने म्हणत नऊने भाग लावला. नऊ साती त्रेसष्ट, हातचे सहा. नऊ सक चोपन्न. वजा केलं आणि खाली शून्य आलं.

शून्य, भिकन! बाकी नाही!

पडताळा घ्यायच्या आधीच मी ओरडले, 'नाना, भाग गेला!' आणि खरं सांगू? मला आनंद झाला. साठी ओलांडलेली बाई मी, गणित शिकवून निवृत्त झालेली, मला इतका आनंद कधी झाला नव्हता. ती संख्या फुटली म्हणजे सगळंच संपलं. उद्यापासून भागाकार नाहीत, पडताळा नाही, कालचं तपासणं नाही. सुटले, असं मी मोठ्याने म्हणाले.

नानांनी कागद मागितलासुद्धा नाही. डोळे मिटून म्हणाले, 'नऊ सक चोपन्न. हातचे किती धरलेस?' मी बघितलं. सहाच्या जागी सात धरले होते. तेहेतीसशे तीन यायचे तिथे तेरा आले. बाकी दहा उरते. भाग जात नाही. संख्या जिथल्या तिथे, धडधाकट.

एवढ्यावर थांबले असते तर काही नव्हतं. ते कुंदाबाईंकडे वळले आणि त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्या आवाजात, माझ्याकडे बोट करून म्हणाले, 'एक सत्तावन जळगावले शे, दुसरी आठे शे.' आणि सत्तावन म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगायला लागले. कुंदाबाईंना निम्मं ऐकू आलं नाही, पण त्या हसल्या. समोरचा हसतोय म्हणून आपणही हसतो, तशा.

मी शाळेत इतकी वर्षं मुली शिकवल्या. या माणसाला अंघोळ घालते, त्यांची नखं काढते, त्यांच्या औषधांच्या वेळांवर माझं जेवण ठरतं. आणि एका हातच्यावरून. मी पेनाला टोपण लावलं आणि गच्चीत जाऊन उभी राहिले.

तू साखरपुड्यातून उठून गेलास तेव्हा मी मनात म्हटलं होतं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं, म्हातारा माणूस आहे. मला काय ठाऊक होतं! मला तर नेहमी पैकीच्या पैकी मिळायचे. माझी अशी ओळख कधी कोणाला करून दिली नव्हती. आता कळलं, आणि कळून मला तुझा रागच आला. तू निदान उठून जाऊ शकलास. मी गच्चीपर्यंत गेले, कारण अकराला त्यांची गोळी होती.

त्यानंतर मी भागाकाराला बसलेली नाही. तेही बस म्हणालेले नाहीत. आम्ही पाणी, गोळी, जेवण एवढंच बोलतो. ते टेबलापाशी कागद उघडून बसतात आणि माझ्याकडे बघत नाहीत.

तू आता माफीची वाट बघत असशील तर बघ. मला त्यात घेऊ नकोस.

अक्का

*

देवपूर
३० एप्रिल २०२५, आखाजी

भिकन,

हे पत्र आणणारा माणूस तुझ्या दारात उभा आहे. वाचत बसू नकोस. आधी नानांना आत घे, उन्हातून आलेत. पाणी दे, माठातलं, फ्रिजचं नको. पत्र नंतर वाच.

वाचतोयस? बरं.

हिलालची गाडी ठरवली. पारोळ्याला थांबून चहा पाज म्हणून सांगितलंय त्याला, साखर अर्धा चमचा. गोळ्यांच्या डब्यावर सकाळ, दुपार, रात्र लिहिलंय. अंघोळीला स्टूल लागतं, तेही गाडीत टाकलंय. वॉकरचा डावा पाय ढिला आहे, तेवढा आवळून घे. संख्येचे कागद त्यांनी स्वतःच पिशवीत भरले, मी सांगितलं नाही. माफी मागतील की नाही, मला माहीत नाही. मागितली नाही तरी दार लावू नकोस. लावलंस तर त्यांना परत घेऊन यायला इथे कोणी नाही, हे लक्षात ठेव. मी दार उघडणार नाही.

आता खरं ऐक. मला मोतीबिंदू नाही. ऑपरेशन नाही, तारीख नाही, डॉक्टर नाही. माझे डोळे चांगले आहेत. बरे नसते तर त्यांनी मला तीनशे सदुसष्टने भागायला बसवलं असतं का?

मी खोटं बोलले, कारण खरं सांगून कोणी आलं नसतं. खरं काय आहे? मी थकलेय. एवढंच आहे. कुठे दुखत नाही, कोणत्या रिपोर्टमध्ये काही येणार नाही. थकलेय म्हणून फोन केला असता तर तू म्हणाला असतास, आराम कर अक्का. ऑपरेशन म्हटलं की माणसं तारीख विचारतात, कोण राहणार विचारतात, डबा पाठवतात. थकले म्हटलं की सगळे म्हणतात, हो ना, मीसुद्धा. म्हणून दोन डोळे पणाला लावले. आणि तरी तू आला नाहीस, ते सोड.

आज आखाजी. सगळ्या खानदेशातल्या लेकी आज माहेरी जाऊन झोक्यावर बसतात, त्यांना कोणी काम सांगत नाही. भाऊ मुराळी होऊन आणायला जातो. माझं माहेर मीच चालवते, तेव्हा मला कोण कुठे आणणार? म्हणून मी माहेरच गाडीत बसवून तुझ्याकडे पाठवतेय. एक महिना. त्यापुढचं मी झोपून उठल्यावर ठरवीन. मला झोपायचं आहे, भिकन. दुपारी झोपायचं, संध्याकाळी झोपायचं, मध्ये कोणी हाक मारली नाही पाहिजे.

हे पत्र मी पाकिटात घालायच्या आधी नानांना वाचायला दिलं. त्यांच्या पाठीमागे त्यांना कुठे पाठवायचं हे मला पटलं नाही. मला वाटलं चिडतील, वॉकर आपटतील. त्यांनी सगळं वाचलं, शुद्धलेखन तपासावं तसं, ओळीवर बोट ठेवून. आता हिलाल खाली हॉर्न वाजवतोय, त्यांना गाडीत बसवलंय, आणि मी जिन्यात उभी राहून या शेवटच्या ओळी लिहितेय, कारण हे तुला सांगितल्याशिवाय पाकीट चिकटवता येणार नाही.

वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, 'माले का बरं नही सांगं तू?'

भिकन, जन्मभर त्या माणसाने मला प्रश्नच विचारले आहेत. पाढे, वर्ग, घन, हातचे. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्यांना आधीच ठाऊक असायचं, मला येतं का एवढंच बघायचं असायचं. आज पहिल्यांदा त्यांनी असं काही विचारलं ज्याचं उत्तर त्यांना माहीत नव्हतं. आणि ते मला येत होतं, तरी देता आलं नाही.

अक्का